पिकअपला मोठे टायर लावले की अ‍ॅव्हरेज खरंच किती पडतं?

माझा मामा नारायणगावचा. त्याच्याकडे एक पिकअप आहे. टोमॅटोच्या सीझनमध्ये ती आठवड्यातून दोनदा-तीनदा क्रेट भरून ओतूरमार्गे माळशेज घाट उतरते आणि वाशीच्या मार्केटला जाते. एरवी गावाजवळची भाडी मारते. मामाची एक वही आहे. त्यात प्रत्येक फुल टाकीची तारीख, लिटर आणि मीटरवरचा आकडा असतो. ही सवय त्याला कुणी लावली माहीत नाही, पण या लेखाचा सगळा पाया तीच वही आहे.

पावसाळ्याच्या आधी मामाने गाडीचे जुने टायर काढले. ते पार गोटा झाले होते. दुकानदाराने सुचवलं की एक नंबर मोठे घ्या, गाडी उचललेली दिसेल, शेतातल्या चिखलात अडकणार नाही. मामाने रील्सवर तशा गाड्या पाहिलेल्याच होत्या. त्याने २१५/७५ आर१५ च्या जागी २३५/७५ आर१५ घेतले, तेही जाड नक्षीचे, ज्यांना आपल्याकडे सरसकट ‘बटण टायर’ म्हणतात.

महिन्याभराने त्याचा फोन आला. “अगं, अ‍ॅव्हरेज तेरावरून पावणेबारावर आलं. लिटरमागे सव्वा किलोमीटर गेला. तू पेपरात लिहितेस ना, सांग हे कशामुळं?”

मी पेपरात लिहीत नाही, वेबसाइटवर लिहिते, हे मामाला सांगून उपयोग नसतो. पण प्रश्न चांगला होता. शोधायला लागले तर इंटरनेटवर दोन टोकांची उत्तरं सापडली. कुणी म्हणतं मोठ्या टायरने गाडीचं अ‍ॅव्हरेज वीस टक्के पडतं. कुणी म्हणतं काही फरक पडत नाही, उलट हायवेला वाढलं. गंमत म्हणजे आपापल्या मीटरप्रमाणे दोघंही खरं सांगत असतात. अडचण त्या मीटरमध्येच आहे.

आधी टायरवरचा नंबर वाचूया

२१५/७५ आर१५ या नंबरात तीन मापं दडलेली असतात. २१५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ७५ म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची, पण ती मिलिमीटरमध्ये दिलेली नसते. रुंदीच्या ७५ टक्के, असं ते वाचायचं. आणि १५ म्हणजे आतल्या रिमचा व्यास, इंचात. एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच. हे कुणी ठरवलं असेल त्याला नमस्कार.

आता हिशेब. २१५ चे ७५ टक्के म्हणजे साधारण १६१ मिमी. भिंत वर एक आणि खाली एक, म्हणून दुप्पट करायची: ३२२.५. त्यात १५ इंचाचे ३८१ मिमी मिळवले की टायरचा पूर्ण व्यास मिळतो, ७०३.५ मिमी. मामाच्या नव्या टायरचा याच पद्धतीने येतो ७३३.५ मिमी.

फरक ३० मिमी, म्हणजे ४.३ टक्के. आणि यातला अर्धाच भाग गाडी वर उचलतो, कारण चाकाचा मध्य जमिनीपासून अर्ध्या व्यासावर असतो. म्हणजे चिखलासाठी, दिसण्यासाठी, गावात चर्चा होण्यासाठी मामाला मिळालेली उंची १५ मिमी. हे मी त्याला सांगितलं तेव्हा फोनवर थोडा वेळ शांतता होती.

इथे एक गैरसमज लगेच काढून टाकते. रिम मोठी झाली म्हणजे टायर मोठा झाला, असं नाही. टोयोटा हायलक्सची जगभर चालणारी दोन मापं घ्या, २६५/६५ आर१७ आणि २६५/६० आर१८. पहिल्याचा व्यास ७७६ मिमी आणि दुसऱ्याचा ७७५. रिम एक इंचाने वाढली, पण रबराची भिंत तेवढीच बुटकी झाली आणि चाक होतं तेवढंच राहिलं. त्यामुळे ‘सतराची अठरा केली म्हणून मीटर चुकतं’ ही तक्रार या जोडीला लागू होत नाही. त्याच गाडीला कुणी २८५/७० आर१७ लावला, तर मात्र व्यास ८३१ मिमी होतो. अमेरिकेतल्या हौशी मंडळींच्या भाषेत हे ‘तेहतीसचे’ टायर, कारण व्यास जवळपास ३३ इंच. इथे फरक पूर्ण ७ टक्के आहे.

मीटर किलोमीटर मोजत नाही

गाडीचं मीटर रस्ता बघत नाही. ते चाकाचे किंवा गिअरबॉक्सच्या शाफ्टचे फेरे मोजतं आणि कंपनीने ठरवलेल्या आकड्यावरून ‘एवढे फेरे म्हणजे एक किलोमीटर’ असं धरून चालतं. २१५/७५ आर१५ टायर एका फेऱ्यात २.२१ मीटर पुढे जातो, म्हणजे किलोमीटरला साधारण ४५२ फेरे. मामाचा नवा टायर एका फेऱ्यात २.३ मीटर जातो आणि तेच अंतर ४३४ फेऱ्यांत संपवतो. पण मीटरला हे कुणी सांगितलेलं नाही. ते अजून ४५२ फेऱ्यांची वाट बघत बसतं.

परिणाम असा, की गाडी १०४ किलोमीटर धावते आणि मीटर १०० दाखवतं. डिझेल जळतं १०४ किलोमीटरचं आणि आपण भागाकार करतो १०० ने. अ‍ॅव्हरेज कागदावरच चार टक्क्यांनी पडतं. त्यात इंजिनाचा किंवा टायरच्या रबराचा काहीही दोष नसतो.

मी मामाला एक काम सांगितलं. पुढच्या खेपेला निघताना ट्रिप मीटर शून्य कर आणि फोनवरच्या जीपीएसवर अंतर मोजायला लाव. मुरबाडच्या अलीकडे कुठेतरी फोनवर १०० किमी झाले तेव्हा मीटरवर ९६ होते. हिशेब जुळला.

म्हणजे त्याचं ११.७ चं अ‍ॅव्हरेज खरं होतं १२.२. सव्वा किलोमीटरची जी घट त्याला दिसत होती, त्यातला अर्धा किलोमीटर इथेच परत आला.

पण अजून एक गोष्ट राहिली होती आणि ती मला सगळ्यात उशिरा सुचली. जुने टायर गोटा झाले होते! नव्या टायरच्या नक्षीची खोली ९-१० मिमी असते. झिजत झिजत ती १.६ मिमीवर आली की टायरमधल्या खुणा रबराच्या पातळीला येतात आणि टायर बदलायची वेळ होते. मामाने ती वेळ नेहमीप्रमाणे ओलांडली होती. टायर ८ मिमी झिजला की व्यास १६ मिमीने कमी होतो, कारण झीज वरच्या बाजूला असते तशी खालच्या बाजूलाही असते. म्हणजे त्याच्या जुन्या टायरचा व्यास ७०३ नव्हे, ६८७ च्या आसपास होता. तेव्हा मीटर उलट्या दिशेने चुकत होतं, गाडी कमी चालत होती आणि आकडा जास्त दिसत होता. वहीतलं १३ चं अ‍ॅव्हरेज खरं होतं साधारण १२.७.

आता नीट मांडूया. मीटरनुसार घट १३ वरून ११.७. खरी घट १२.७ वरून १२.२. मीटरवर दहा टक्के दिसत होते, प्रत्यक्षात चार. त्यावर आणखी एक गोष्ट: गुळगुळीत झालेला टायर नव्या टायरपेक्षा रस्त्यावर सहज घरंगळतो, कारण वाकण्या-दबण्यासाठी त्यात रबरच कमी उरलेलं असतं. म्हणून जुने काढून त्याच मापाचे नवे लावले असते, तरीसुद्धा मामाचं अ‍ॅव्हरेज थोडं पडलंच असतं. ‘मोठे टायर लावल्यावर अ‍ॅव्हरेज पडलं’ अशा बहुतेक तक्रारींमध्ये झिजलेल्या जुन्याची तुलना कोऱ्या मोठ्याशी केलेली असते, आणि ही तुलना मुळातच बरोबरीची नाही.

मग उरलेलं डिझेल जातं कुठे?

मीटरची चूक वजा केल्यावरही चार टक्के उरतात, आणि ते खिशातूनच जातात. सगळ्यात मोठा वाटा टायरच्या घरंगळण्याच्या विरोधाचा. टायर रस्त्याला टेकतो तिथे तो चपटा होतो, पुढे गेला की परत गोल होतो. प्रत्येक फेऱ्यात हे चालू असतं. चपटं करायला जेवढी ताकद लागते तेवढी रबर परत देत नाही, उरलेल्या ताकदीची उष्णता होते. लांब प्रवासानंतर टायरला हात लावून बघा. तो जो चटका बसतो, त्यातला बराचसा तुमच्या टाकीतून आलेला असतो.

इथे एक अनपेक्षित गोष्ट आहे. बाकी सगळं सारखं असेल तर जास्त व्यासाचं चाक उलट सोपं घरंगळतं, कारण ते रस्त्याला टेकताना कमी वाकतं. बैलगाडीचं चाक मोठं का असतं, याचं एक कारण हेच. मग मोठे टायर डिझेल का खातात? कारण बाकी सगळं सारखं नसतं. मोठ्या टायरसोबत आपण रुंदी वाढवतो, जाड नक्षी घेतो, भक्कम भिंतीचा टायर घेतो. बटण टायरचं प्रत्येक बटण रस्त्यावर टेकताना दबतं, वाकतं, सुटतं. हायवेवर त्यांचा जो घोंऽऽ असा आवाज येतो तो त्याचाच. म्हणजे खरा गुन्हेगार बहुतेक वेळा व्यास नसतो, नक्षी असते. २३५ चा साधा रस्त्याचा टायर आणि २३५ चा बटण टायर यांच्यातला फरक, २१५ आणि २३५ यांच्यातल्या फरकापेक्षा जास्त असू शकतो. दुकानात आपण विचारतो फक्त माप.

किती फरक पडतो याचा एक चांगला अंदाज अमेरिकेत २००६ साली तिथल्या वाहतूक संशोधन मंडळाने टायर आणि इंधन या विषयावर दिलेल्या अहवालात आहे. टायरचा विरोध दहा टक्क्यांनी बदलला तर गाडीच्या इंधनात एक ते दोन टक्के फरक पडतो. हे प्रमाण धरलं आणि नव्या टायरचा विरोध समजा २५ टक्क्यांनी जास्त आहे, तर अडीच ते पाच टक्के जास्त डिझेल. मामाचे चार टक्के याच पट्ट्यात बसतात. शिवाय टायरचा हा विरोध वजनाच्या प्रमाणात वाढतो. मागे दीड टन टोमॅटो असलेल्या गाडीत त्याचा वाटा रिकाम्या गाडीपेक्षा मोठा असतो. शनिवार-रविवारी मित्रांना घेऊन फिरणाऱ्याने ‘मला काही फरक जाणवला नाही’ असं सांगितलं, तर ते माल वाहणाऱ्याने फार मनावर घेऊ नये.

दुसरं हवेचं. गाडी थोडी वर उचलली जाते, टायर रुंद होतात, खालून जास्त हवा शिरते. याहून जास्त लक्ष द्यायची गोष्ट आहे वेग. काटासुद्धा त्याच फेऱ्यांवर चालतो. मामाचा काटा आधी अचूक होता असं धरलं, तर आता तो ८० दाखवत असताना गाडी ८३ च्या पुढे असते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून वेगात चार टक्के वाढ म्हणजे हवेच्या विरोधात जवळपास नऊ टक्के वाढ. तेहतीसच्या टायरवर ८० म्हणजे ८५ च्या वर, आणि हवेचा विरोध साडेचौदा टक्क्यांनी जास्त. चालक म्हणतो मी नेहमीच्याच वेगाने चालवतो, आणि तो खोटं बोलत नसतो. (कंपन्या काटा मुद्दाम थोडा पुढे ठेवतात. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियम क्रमांक ३९ नुसार काट्याने खऱ्या वेगापेक्षा कमी आकडा कधीही दाखवायचा नसतो. त्यामुळे थोडे मोठे टायर या राखीव फरकात खपून जातात. सात टक्क्यांना ते नेहमी जमेलच असं नाही, आणि एक्सप्रेसवेवरचा कॅमेरा तुमच्या काट्याकडे बघत नाही.)

तिसरं कारण वजनाचं. यूट्यूबवर याचा सगळ्यात जास्त गाजावाजा असतो, म्हणून हिशेब करून बघितला. फिरणाऱ्या चाकाच्या कडेला एक किलो वाढवला, तर वेग घेताना तो जास्तीत जास्त दोन किलोइतका जाणवतो. कारण त्याला पुढेही न्यायचं असतं आणि फिरवायचंही असतं. समजा प्रत्येक टायर चार किलोने जड झाला. चार टायरचे १६ किलो, जाणवणार फार तर ३२. टोमॅटोचे दीड क्रेट. भरलेल्या पिकअपच्या वजनापुढे हे एक टक्क्याच्या आसपास आहे आणि तेही फक्त वेग वाढवताना. शहरात सिग्नलला सिग्नलला थांबणाऱ्या गाडीला थोडं लागेल, घाटातून हायवेला जाणाऱ्या गाडीला फारसं नाही. हा मुद्दा मला फुगवलेला वाटतो.

पिकअपचा पिकअप

चौथं कारण गिअरचं. ‘हायवेला अ‍ॅव्हरेज वाढलं’ म्हणणारे लोक याच्याच जोरावर बोलतात. चाक मोठं झालं म्हणजे प्रत्येक गिअर चार टक्क्यांनी लांब झाला. समजा आधी ८० च्या वेगाला इंजिन २,२०० फेरे करत होतं, तर आता ते २,११० करेल. डिझेल इंजिनाला कमी फेऱ्यांवर जोर लावून काम करायला आवडतं, त्यात त्याचं स्वतःचं घर्षण कमी होतं. सपाट रस्ता, टॉप गिअर, बेताचा वेग असेल तर टायरच्या विरोधात गेलेलं थोडं डिझेल इथे परत मिळू शकतं. साध्या नक्षीचे टायर असतील तर क्वचित नफाही दिसतो.

घाटात हेच उलटं फिरतं. तोच गिअर आता चाकाला कमी ओढ देतो. आपल्याकडे गाडी चटकन उचलण्याला ‘पिकअप’च म्हणतात, म्हणून सांगायचं तर पिकअपचा पिकअप जातो. जो चढ आधी तिसऱ्यावर निघायचा तिथे दुसरा टाकावा लागतो. चढावर गाडी हलवताना क्लच जास्त वेळ अर्धा दाबून धरावा लागतो. क्लच प्लेट लवकर गेली तर तिचा खर्च अ‍ॅव्हरेजच्या वहीत दिसत नाही, पण तो टायरच्याच खात्यावरचा असतो. मामाला यातून थोडी सूट मिळते, कारण त्याचा माल माळशेज उतरून कोकणाच्या बाजूला जातो आणि वर चढताना गाडीत रिकामे क्रेट असतात. आंबा घेऊन आंबा घाट किंवा फोंडा घाट चढणाऱ्याचं गणित वेगळं असेल.

अमेरिकेत मोठे टायर लावणारे म्हणून पुष्कळदा मागच्या अ‍ॅक्सलमधले गिअरही बदलतात, म्हणजे जुनी ओढ परत मिळते. फोर्ड तर आपली एफ-१५० रॅप्टर ही पिकअप कंपनीतूनच ३५ किंवा ३७ इंची टायरवर विकते. पण तिथे गिअर, ब्रेक, सस्पेन्शन आणि मीटर हे सगळं त्या टायरला धरूनच आखलेलं असतं. आपण रीलमध्ये फक्त टायर बघतो.

माळशेज उतरताना

अ‍ॅव्हरेजचा लेख आहे, पण हे सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. ब्रेक चाकाच्या आतल्या बाजूला, ठरलेल्या जागी बसलेला असतो. चाक मोठं झालं की ब्रेकपासून रस्त्यापर्यंतचं अंतर वाढतं आणि तेवढ्याच दाबाने रस्त्यावर मिळणारी पकड कमी होते. मामाच्या गाडीत चार टक्के, तेहतीसच्या टायरला साडेसहा टक्के. गिअरमध्ये ठेवून गाडी उतरवताना इंजिन जी रोख देतं, तीही तेवढीच कमी होते. चार टक्के ऐकायला काहीच नाही. पण पावसात, धुक्यात, भरल्या गाडीने माळशेज उतरताना ब्रेकवर आधीच ताण असतो आणि ते तापत गेले की त्यांचा जोर आणखी उतरतो. मामाला अ‍ॅव्हरेजपेक्षा हेच जास्त लागलं. तो म्हणाला, “म्हणजे मला वाटत होतं गाडी जरा पळते उताराला, ते खरं होतं.”

टायरच्या अंगावर आणखी एक आकडा असतो, वजन पेलण्याचा. मापानंतर ११२ लिहिलं असेल तर तो टायर १,१२० किलो पेलतो, असा एक ठरलेला तक्ता आहे. मोठा टायर म्हणजे जास्त वजन पेलणारा टायर, असं अजिबात नाही. दिसायला दांडगा पण आकड्याने हलका टायर माल वाहणाऱ्या गाडीला लावणं हा अ‍ॅव्हरेजचा प्रश्न राहत नाही.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार गाडीत मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कंपनीच्या मूळ तपशिलांच्या विरुद्ध जाणारे बदल चालणार नाहीत असं स्पष्ट केलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर, परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला मालकाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. गाडीच्या पुस्तिकेत किंवा चालकाच्या दाराजवळच्या स्टिकरवर कंपनीने एकापेक्षा जास्त मापं दिलेली असतील, तर त्यातलं कोणतंही निवडा. त्याच्या बाहेर गेलात आणि उद्या अपघाताचा क्लेम करायची वेळ आली, तर विमा कंपनीच्या सर्व्हेअरची नजर टायरवर जाणार.

रुपयात किती?

मामा महिन्याला साधारण ४,००० खरे किलोमीटर चालवतो. १२.७ च्या अ‍ॅव्हरेजने ३१५ लिटर लागायचं, १२.२ ने ३२८ लागतं. तेरा लिटर. डिझेल ९० रुपये धरलं तर महिन्याला ११७० रुपये.

पण दुसरी गळती त्याच्या लक्षातच आली नव्हती. वाशीची खेप ठोक भावाने ठरते, तिथे मीटरचा संबंध नाही. गावाजवळची भाडी मात्र किलोमीटरवर असतात आणि किलोमीटर मीटरवर बघतात. समजा महिन्याला १,००० खरे किलोमीटर अशा भाड्यांचे. मीटर दाखवणार ९५९. म्हणजे ४१ किलोमीटर तो फुकट चालवतो. अठरा रुपये दर धरला तर ७३८ रुपये. (गोट्या टायरवर असताना गिऱ्हाईक दोन टक्के जास्त देत होतं, हे मी त्याला सांगितलं. त्यावर त्याने विषय बदलला.)

याच मीटरच्या चुकीमुळे सर्व्हिसिंगही लांबतं. मीटरवर १०,००० किलोमीटर झाले तेव्हा ऑइलने प्रत्यक्षात १०,४०० किलोमीटर काम केलेलं असतं.

आधीच लावले असतील तर

सगळ्यात आधी मीटर किती चुकतंय ते काढा. सलग ५० ते १०० किलोमीटर जीपीएस आणि ट्रिप मीटर एकत्र चालवा. जीपीएसचा आकडा भागिले मीटरचा आकडा, जे येईल त्याने इथून पुढे अ‍ॅव्हरेजला गुणा. मामाचं उत्तर १.०४. काही नव्या गाड्यांमध्ये सर्व्हिस सेंटरला टायरचं माप बदलून मीटर जुळवता येतं. विचारून बघा, पण जमेलच याची खात्री धरू नका.

किलोमीटर मोजायचा वैताग असेल तर ते सोडूनच द्या. रोजचा ठरलेला रस्ता असणाऱ्याने लिटरमागे किलोमीटर काढण्याऐवजी खेपेमागे लिटर लिहावेत. नारायणगाव ते वाशी हे अंतर टायर बदलल्याने बदलत नाही. टाकी दोन्ही वेळा एकाच पंपावर, नळी आपोआप बंद होईपर्यंतच भरायची. नंतर हलवून हलवून आणखी दोन लिटर बसवायचं नाही. दोन-तीन खेपांची सरासरी काढली की खरं चित्र दिसतं.

हवा तपासा. नव्या टायरमध्ये बऱ्याचदा अंदाजाने हवा भरली जाते, आणि भरदार टायर कमी हवेतही टुमटुमीत दिसतो. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या हिशेबाने चारही टायरमधली हवा सरासरी एक पीएसआयने कमी असेल तर इंधनाला ०.२ टक्के फटका बसतो. दहा पीएसआय कमी म्हणजे दोन टक्के. मामाच्या खऱ्या घटीचा हा अर्धा भाग झाला, आणि त्याची किंमत पेट्रोल पंपावरची पाच मिनिटं.

आणि पुढच्या वेळी टायर घेताना मापाबरोबर नक्षी आणि टायरचा विरोध याबद्दलही विचारा. २०२२ मध्ये केंद्र सरकारने टायरचा घरंगळण्याचा विरोध, ओल्या रस्त्यावरची पकड आणि आवाज यांचे निकष अधिसूचित केले आहेत, आणि फ्रीज-एसीसारखी ताऱ्यांची पट्टी टायरला लावण्याची योजनाही सुरू झाली आहे. दुकानदाराने अजून असा प्रश्न ऐकला नसेल, तर तुमच्याकडून ऐकेल.

मामाने टायर बदललेले नाहीत. पैसे गेलेत, आता झिजेपर्यंत वापरणार म्हणाला. पुढच्या वेळी २१५ आणि साधी नक्षी. गावातल्या भाड्याला तो हल्ली फोन लावून किलोमीटर दाखवतो. मधल्या काळात त्याने मागच्या टायरमधली हवा तपासली, ती बरीच कमी निघाली. परवा वहीच्या पानाचा फोटो आला. किलोमीटरचा रकाना त्याने रेघ मारून काढून टाकलाय. नवीन रकान्यात लिहिलंय: वाशी, जाऊन-येऊन, २८ लिटर. त्याच्या आदल्या खेपेसमोर २९ होते.